पुस्तकी पोकर

"तू काय, पुस्तक वाचून पोहायलासुद्धा शिकशील!" रूममेट वैतागून म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. रात्रीचे साडेबारा. सकाळी नऊला क्लायंटचा कॉल. आणि मी बेडवर पालथी पडून, हातात पेन्सिल घेऊन, डॅन हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या पद्धतीचं एक कोडं सोडवतेय. माझ्या हातात दश्शांची जोडी आहे, माझ्याआधी एकाने पैसे वाढवलेत, दुसऱ्याने त्यावर आणखी वाढवलेत, आणि माझ्यामागे अजून तिघं बोलायचे बाकी आहेत. काय करायचं?

उत्तर आहे, फेकून द्यायची. मला ते पटायला तीन आठवडे लागले. अहो, जोडी आहे! दश्शांची! तीन पत्तीत असा हात आला तर माणूस पाकीट उलटं करेल.

तर तीन पत्तीपासूनच सांगते. बाणेरला आमच्या ऑफिसमधल्या तीन मुलांचा फ्लॅट आहे. बॅचलर फ्लॅट असतो तसाच, म्हणजे टीव्ही बेचाळीस इंची आणि चमचे दोन. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तिथे तीन पत्तीची मैफल बसायची. एका वर्षी त्यांच्यातला एक जण डॅलसहून ऑनसाइट करून परत आला, तो पोकर चिप्सची पेटी घेऊनच. पेटी उघडली, तो खण्णकन आवाज ऐकला, आणि सगळ्यांनी तीन पत्तीला रामराम ठोकला. दर शनिवारी पोकर. टेक्सास होल्डेम. टेक्सासमधल्या रॉब्सटाउन या गावाला तिथल्या विधिमंडळाने २००७ मध्ये या खेळाचं जन्मस्थान म्हणून मान्यता देऊन टाकलीय, ही माहिती डॅलसवाल्याने आम्हाला निदान सहा वेळा दिली.

नियम दहा मिनिटांत कळतात. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते. मग मधे सगळ्यांच्या वाटचे पाच उघडे पत्ते, आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. या सातांतून तुमचे सगळ्यात चांगले पाच. पैसे लावायच्या फेऱ्या चार. 'ब्लाइंड' हा शब्द ऐकून मी खूश झाले होते, कारण तीन पत्तीत ब्लाइंड खेळण्यात माझा हात कोणी धरायचं नाही. इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीने टाकायचे पैसे. थोडक्यात, तीन पत्तीतला बूट, पण सगळ्यांऐवजी पाळीपाळीने दोघांच्याच डोक्यावर.

मी सलग आठ शनिवार हरले. प्रत्येकी पाचशे, म्हणजे चार हजार. दोन बऱ्यापैकी कुर्ते. पैशांचं एवढं नाही वाटलं, पण मुलं मला सांभाळून घ्यायला लागली त्याचा संताप आला. "अगं, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं," असं आमचा टेस्टर म्हणाला, आणि वर मला चिवडा पुढे केला.

आता हे मला झोंबायचं कारण घरचं आहे. सांगलीला आमच्या घरी पत्ते म्हणजे कुळाचार. गणपतीत जागरणाला, मे महिन्यात दुपारी, आणि आईबाबा निवृत्त झाल्यापासून रोज रात्री जेवणानंतर, बदामसत्ती. बाबा पाटबंधारे खात्यात होते. गेली काही वर्षं त्यांना ऐकू कमी येतं. त्यामुळे पत्ते खेळताना ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसतात. आई इस्पिकची सत्ती हातात दाबून ठेवते आणि चेहरा असा करते जणू तिच्याकडे खेळायला काही म्हणजे काही नाही. बाबा तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, "सोड आता ती सत्ती." दर वेळी. आणि दर वेळी ती असते! अशा घरातली मुलगी मी, आणि टेस्टर मला चिवडा देतो?

ग्रुपमधला सीए म्हणाला, "यावर पुस्तकं आहेत की." मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं पत्ते म्हणजे नशीब आणि थोडा डांबिसपणा. त्याने नावं दिली, मी ऑर्डर केली. घरी आल्यावर शाळेसारखं खाकी कव्हर घातलं, कारण ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या काकूंना मुखपृष्ठावरचे पत्ते समजावून सांगण्याची माझी तयारी नव्हती.

पहिलं उघडलं ते डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर'. ही चूक होती. नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये. म्हणजे लोणचं आवडतं म्हणून नुसत्या मोहरीचा बुकणा तोंडात टाकण्यासारखं आहे. पण त्यातली एक गोष्ट डोक्यात घुसली ती निघालीच नाही. त्याचं म्हणणं साधारण असं: समोरच्याचे पत्ते तुम्हाला दिसत असते तर तुम्ही जसं खेळला असता, त्याहून वेगळं खेळलात की फायदा त्याचा. आणि तुमच्यामुळे तो तसा वेगळा खेळला की फायदा तुमचा. बस. म्हणजे पैसे इकडून तिकडे जातात ते पत्त्यांमुळे नाहीत, चुकांमुळे. पत्ते काय, कालांतराने सगळ्यांना सारखेच येतात. हे वाचल्यावर मी माझे आठ शनिवार आठवले आणि मला उशीत तोंड खुपसावंसं वाटलं.

हॅरिंग्टन मात्र मास्तर माणूस. १९९५ चा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मुख्य स्पर्धेचा विजेता. त्याहून भारी म्हणजे २००३ मध्ये ८३९ खेळाडूंतून तिसरा आणि २००४ मध्ये २,५७६ खेळाडूंतून चौथा. नशिबाचा खेळ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे सलग वाचावेत. त्याने बिल रॉबर्टी या बॅकगॅमनच्या जगज्जेत्याला जोडीला घेऊन २००४ ते २००६ मध्ये तीन भाग लिहिले. पद्धत अगदी आपल्या गाइडांसारखी, आधी धडा आणि मग सोडवलेली उदाहरणं. तुम्ही इथे बसलाय, तुमच्याकडे इतके पैसे, अमक्याने असं केलं, आता बोला. उत्तर झाकून ठेवायचं, स्वतःचं उत्तर समासात लिहायचं, मग बघायचं. माझी पहिली वीस उत्तरं काढली तर सोळा चूक. बोर्डाच्या परीक्षेनंतर इतका अपमान झाला नव्हता.

त्याचा पहिला मोठा फंडा, जागा. तुम्ही कोणानंतर बोलता यावर सगळं अवलंबून. आधी बोलायचं असेल तर फक्त तगडे हात खेळायचे, शेवटी बोलायचं असेल तर थोडं सैल सोडायचं, कारण तोवर बाकीच्यांनी काय केलं ते कळलेलं असतं. हे वाचून मी हसले. आमच्याकडे आई कायम बाबांच्या पाळीनंतर बसते आणि जागा बदलू म्हटलं की तिला पाठीचं दुखणं आठवतं.

दुसरा फंडा, फेका. दोन पत्त्यांचे एकूण १६९ प्रकारचे हात होतात आणि त्यातले बहुतेक फेकायचे. मी तक्ता पाठ केला आणि नवव्या शनिवारी बाणेरला गेले. चार तासांत जेमतेम अकरा हात खेळले. उरलेला वेळ बाकरवडी खाल्ली. रूममेट कुजबुजली, "बरं नाहीये का तुला?" रात्री एक वाजता चिप्स मोजल्या तर २४० रुपये वर. आयुष्यातली सगळ्यात कष्टाची कमाई! कारण पत्ते फेकणं हे अतोनात कंटाळवाणं काम आहे, हे कोणी सांगत नाही. आपण शनिवारी खेळायला जातो, आणि पुस्तक म्हणतं खेळू नकोस.

मग हिशेब आला. समजा मधले चार पत्ते उघडलेत, तुमचे दोन धरून चार बदाम झालेत, आणि पाचवा बदाम आला तर फ्लश. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे साधारण पाचातून एकदा येणार. मधे ९०० रुपये आहेत आणि पुढे जायला ३०० मागतायत. १२०० च्या पॉटमध्ये तुमचा वाटा पाव, आणि येण्याची शक्यता त्याहून कमी. फेका. तेच मधे १५०० असते तर ३०० घालणं परवडतं, कारण आता सहातून एकदा आला तरी वसूल. पाचवीच्या मुलाला जमेल असं गणित आहे, आणि आमच्या टेबलावर तीन इंजिनिअर आणि एक सीए वर्षभर ते न करता "येईल यार, फील आहे" म्हणत बसले होते. फील! मी त्या फीलवर पुढचे सहा महिने जेवले.

एक गंमत मला फार आवडली. हॅरिंग्टन म्हणतो की तुम्ही कायम एकाच साच्याने खेळलात तर लोक तुम्हाला वाचतील, म्हणून मधूनच वेगळं करा. पण माणसाला आपल्या मनाने 'मधूनच' करता येत नाही, तो नेमका चिडला किंवा कंटाळला की करतो. म्हणून घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघा आणि काटा कुठे आहे त्यावरून ठरवा. मी यासाठी स्मार्टवॉच काढून ठेवलं आणि कॉलेजातलं काट्यांचं टायटन शोधून सेल घातला. सगळ्यांना वाटलं, व्हिंटेज फॅशन.

ब्लफ कधी करायचा हेही मी असंच घड्याळावर ठरवायला लागले, आणि तेव्हा एक शोध लागला. पुस्तकांत टेबलावरच्या प्रतिमेबद्दल बरंच असतं, म्हणजे लोक तुम्हाला काय समजतात. या जुन्या पुस्तकांत खेळाडू कायम 'तो' असतो. माझी प्रतिमा मात्र आयती तयार होती. मी मुलगी, त्यात बाकरवडी खात गप्प बसणारी, म्हणजे मी पैसे लावले तर माझ्याकडे असणारच. हातात काही नसताना मी एकदा पूर्ण ढीग पुढे सरकवला तेव्हा डॅलसवाल्याने राण्यांची जोडी फेकली आणि वर म्हणाला, "मान गए, एक्के ना?" मी काहीच बोलले नाही. घरी येऊन मात्र रूममेटला उठवून सांगितलं.

माइक कॅरोचं 'बुक ऑफ टेल्स' शेवटी वाचलं. १९८४ चं पुस्तक, पानोपानी खेळाडूंचे फोटो, केसांचे नमुने बघायला मिळतात ते वेगळंच. सार एका ओळीत मावतं: नाटक करणारा माणूस उलटं नाटक करतो. हात भारी असला की उसासे टाकतो, खांदे उडवतो, दुसरीकडे बघतो. हात फुसका असला की तुमच्या डोळ्यांत डोळे घालतो, चिप्स आपटतो. आणि हात थरथरत असेल तर तो ब्लफ नव्हे, बहुतेक वेळा खरंच मोठं काहीतरी आलंय आणि ताण सुटलाय. आमच्या टेस्टरचा हात थरथरतो. ही माहिती मी आजवर कोणाला दिलेली नाही. (तो हे साप्ताहिक वाचत नाही, अशी आशा आहे.)

हे पुस्तक मी सांगलीला नेलं होतं. बाबांनी चष्मा लावून फोटो बघितले, मजकूर नाही, नुसते फोटो, आणि वर काय लिहिलंय ते न वाचता पाचातल्या चार जणांचं बरोबर सांगितलं. "ऐकू येत नाही ना," ते म्हणाले, "मग बघायला वेळ मिळतो."

मिरजेला डॉक्टरांनी तपासून कानाचं मशीन सुचवलं होतं. दोन्ही कानांचं मिळून पाऊण लाखाच्या घरात जात होतं. बाबा म्हणाले, एका कानाला पुरे. मी म्हटलं, दोन्ही. वर्षाचा बोनस मार्चमध्ये येतो, त्यातून करू. ठरलं.

इकडे माझं एक्सेल सुरू झालं होतं. तारीख, किती तास, किती घेऊन बसले, किती घेऊन उठले, आणि शेवटी शेऱ्याचा कॉलम. बत्तीस शनिवारांनंतर बेरीज होती ११,३५० रुपये, जमेच्या बाजूला. तुम्हाला म्हणून सांगते, पगाराच्या मेसेजपेक्षा मी ती बेरीज जास्त वेळा बघायचे.

मार्चच्या शेवटी आमचा ग्रुप गोव्याला गेला. मांडवीत कॅसिनोची जहाजं आहेत, त्यातल्या एकावर. मी माझा नियम घेऊन गेले होते, वीस हजार. अकरा हजार शनिवारचे, वर नऊ माझे. गेले तर गेले, संपलं की उठायचं. १०० आणि २०० च्या ब्लाइंडचं टेबल, वीस हजार म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट, सगळं पुस्तकाबरहुकूम. दोन तास मी पत्ते फेकत बसले आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

मग किलवरचा एक्का आणि बदामचा एक्का आला. एक्क्यांची जोडी २२१ हातांत सरासरी एकदा येते. मी वाढवले, समोरच्या पांढऱ्या लिननच्या शर्टवाल्याने आणखी वाढवले, मी पुन्हा, त्याने सगळेच. मीही सगळे. पत्ते उताणे केले. त्याच्याकडे राजे. इथे मी पाचातून चार वेळा जिंकते. मधले चार पत्ते निरुपद्रवी आले. पाचवा इस्पिकचा राजा.

ठीक आहे. हे सगळं पुस्तकात आहे. निर्णय बरोबर, निकाल वाईट, या दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि पोकर शिकणं म्हणजे त्या वेगळ्या ठेवायला शिकणं. मी बाथरूममध्ये जाऊन फोनवर एक्सेल उघडलं आणि ओळ भरली. वजा २०,०००. शेरा: एक्के विरुद्ध राजे, खेळ बरोबर. मला इतकं शहाणं वाटत होतं म्हणून सांगू.

आणि मग मी परत टेबलावर गेले आणि कार्ड स्वाइप केलं. वीस हजार.

'टिल्ट' नावाचा शब्द आहे. पिनबॉलच्या मशीनवरून आलेला. मशीन हलवलं की ते बंद पडतं आणि वर टिल्ट लागतं, तसं डोकं. मी त्याबद्दल वाचलं होतं, वाचलं काय, हिरव्या हायलायटरने रंगवलं होतं. माझा समज असा की टिल्टवर गेलेला माणूस आरडाओरडा करतो. मी तर एकदम शांत होते. माझ्या डोक्यात सरळ विचार होता: मी चांगली खेळते, पुराव्यासह खेळते, मघाशीही बरोबरच खेळले, म्हणजे पुढेही खेळेन. म्हणजे बघा, निकालाने निर्णय जोखायचा नाही, या वाक्याचा मी कसा उपयोग केला. एका अचूक हाताच्या पावतीवर मी पुढचे सगळे हात उधारीने काढले.

दुसरे वीस कसे गेले ते नीट आठवतही नाही, आणि हेच काय ते सांगते. तिसऱ्या वीसचा शेवट आठवतो. दश्शी आणि दुर्री. डॉयल ब्रनसन नावाचा टेक्सासचा दादा खेळाडू, २०२३ मध्ये गेला, त्याने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटचा हात हाच, दश्शी-दुर्री. तेव्हापासून या हाताला त्याचंच नाव आहे. याच माणसाने पुढे 'सुपर/सिस्टम' लिहिलं, १९७८-७९ च्या सुमाराला, शंभर डॉलर किंमत ठेवून, आणि धंद्यातल्या क्लृप्त्या चव्हाट्यावर मांडल्या. आता ही गोष्ट म्हणून छान आहे. पण हॅरिंग्टनच्या तक्त्यात हा हात खेळायचा म्हणून कुठेही नाही, आणि माझी जागा पहिली बोलायची होती. मी वाढवले. सेकंदकाट्याकडे बघितलं का? नाही. घड्याळ हातात होतं.

साठ हजार. त्यातले वीस नियमातले. चाळीस बाबांच्या कानातले.

परतीच्या बसमध्ये मी एक्सेल पुन्हा उघडलं. वजा वीसची ओळ दिसत होती, ऐटीत शेरा लिहिलेली. खाली दुसरी ओळ घालायला कर्सर नेला आणि फोन बंद केला. नंतर तीन शनिवार बाणेरला खेळले, तिन्ही ओळी भरल्या, पण गोव्याची ओळ मधे टाकली नाही. स्वतःशीच म्हटलं, ती पोकर नव्हती ना, ते वेगळं काहीतरी होतं, मग आकडेवारीत कशाला? ऑफिसात मी डेटा ॲनालिस्ट आहे. कोणी ज्युनिअरने असा नको तो आकडा वगळून रिपोर्ट आणला तर मी त्याला काय सुनावते ते विचारू नका.

एप्रिलमध्ये सांगलीला गेले. जेवताना मी बाबांना सांगितलं की बोनस पुढे ढकललाय. मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून, कारण तसं बोलावं लागतं. म्हटलं, यंदा रिव्ह्यू सायकल बदलली, अमेरिकेतलं बजेट अडकलंय, एचआरची मॅनेजर बदलली, बहुतेक पुढच्या क्वार्टरला होईल, सगळ्यांचंच तसं झालंय. आणि हे सगळं मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. अगदी कॅरोच्या पुस्तकातल्या फोटोसारखं.

बाबा म्हणाले, "बरं." आणि ताटाकडे बघायला लागले.

रात्री पत्ते मांडले. बाबांनी पिसले, मी कापले, आई आत ओटा आवरत होती. पत्ते वाटून झाले तरी मी माझे उचलले नाहीत.

"बाबा, बोनस झाला होता."

"काय?"

"बोनस! मिळाला होता मार्चमध्ये!"

"मग?"

"हरले मी."

"हरवले? कुठे? प्रवासात?"

"हरवले नाहीत! हरले! पत्त्यांत!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. समोरच्या घरातल्या टीव्हीचाही थांबल्यासारखा वाटला.

"किती?"

"चाळीस."

"चाळीस काय?"

"हजार!"

बाबांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. बराच वेळ माझ्याकडे बघत होते, ते नेहमी बघतात तसं, तोंडाकडे. मग म्हणाले, "ती पुस्तकं वाचत होतीस ना तू? यावर काय म्हणतात ती?"

"उठायला हवं होतं म्हणतात."

"काय?"

"उठायला हवं होतं!"

"ते पान राहिलं होतं का वाचायचं?"

"नाही," मी म्हटलं, आणि मान हलवली, म्हणजे त्यांना कळावं. "खूण केली होती."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "किती म्हणालीस?" तिने विचारलं. तिला व्यवस्थित ऐकू येतं. तरी मी परत एकदा सांगितलं.

त्या रात्री पत्ते झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ओळ भरली, मार्चच्या तारखेला, वरच्या ओळीच्या बरोबर खाली. बेरीज लाल झाली. अजूनही लालच आहे.

शनिवार चालू आहेत. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हापासून ॲपवर रमणारा आमचा टेस्टरही नियमाने बाणेरला येऊन बसतो, थरथरत्या हाताने. नवी मुलं मला म्हणतात, हॅरिंग्टन काय वाचतेस, आता सॉल्व्हरचा जमाना आहे, कॉम्प्युटर सगळे हात सोडवून देतो. खरं आहे. पाचशे रुपयांच्या टेबलाला मात्र हॅरिंग्टन पुरून उरतो. गोव्याला पुन्हा गेले ते मासे खायला.

मशीन पगारातून आलं, एक कान मे महिन्यात आणि दुसरा जुलैमध्ये. बाबांना आता कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो. आणि मशीन लावल्यापासून ते बदामसत्तीत हरायला लागलेत, असं आईचं म्हणणं आहे. म्हणे त्यांचं लक्ष चेहऱ्यावर राहत नाही, बोलण्याकडे जातं. मला अजून खात्री नाही. माझ्याकडे त्यांच्या फक्त चार डावांची नोंद आहे, आणि चार डावांवरून काहीही सिद्ध होत नाही.